मॅडमपंच

“तेजले, तुझी आई मॅडमपंच झाली म्हणे!”

मधल्या सुट्टीत मी नळावर बाटली भरत होते. ओरडला तो आमच्याच वर्गातला प्रणव, ज्याला शुद्धलेखनात कधी दोन आकडी मार्क पडले नाहीत. सरपंच म्हणतात त्याला, ढ, आणि होऊन सहा महिने झाले, तुला आज कळलं होय? असं मी त्याला फाडकन ऐकवलं. मनातल्या मनात. तेव्हा मी सातवीत होते आणि माझी सगळी फाडकन उत्तरं मनातच असायची. वर्गात वाचायला उभं केलं तरी माझा आवाज पहिल्या बाकापुढे जात नसे. आता दहावीत आहे, आता विचारा प्रणवला.

“काय बघतेस? तुमच्याच ग्रामपंचायतीनं लिहिलंय. डेअरीच्या भिंतीवर वाच जा.”

रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. म्हणजे सगळ्यांनी वाचून झालं होतं. आमच्या गावात बातमी सगळीकडे फिरून दमली की मग आमच्या घरी येते.

शाळा सुटल्यावर दप्तरासकट डेअरीवर गेले. भिंतीवर ग्रामसभेची नोटीस चिकटवली होती. आमच्या गावाचं नाव हिवसर. नोटिशीच्या डोक्यावर ठळक अक्षरांत होतं, ‘ग्रामपंचायत हिवमॅडम’. आणि खाली:

‘मॅडम्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, २६ जानेवारी रोजी झेंडावंदनानंतर मा. मॅडमपंच मॅडम यांच्या अध्यक्षतेखाली ग्रामसभा होईल. विषय पहिला, पाणीपट्टीची मॅडमामॅडमी वसुली. विषय दुमॅडमा, मॅडमकारी योजनांची माहिती. विषय तिमॅडमा, शाळेजवळील घमॅडमगुंडीची दुरुस्ती. उपस्थित राहण्यास विमॅडमू नये.’

शेवटी नावं होती. मॅडमपंच, सौ. वैजयंता दिनकर निमसे, म्हणजे माझी आई. आणि उपमॅडमपंच, श्री. अंकुशराव अवमॅडमे. म्हणजे उपसरपंच अवसरे, ज्यांच्या मिशांना गावातली कुत्रीही घाबरतात.

मी आधी हसले. खोटं कशाला बोलू, पोट दुखेपर्यंत हसले. मग खाली आईची गोल, नीट सही दिसली आणि हसू गेलं.

काय झालंय हे मला बघताक्षणी कळलं होतं. शब्द शोधून बदलायची सोय असते ना कॉम्प्युटरमध्ये, ती कुणीतरी वापरली होती. ‘सर’ शोधा, ‘मॅडम’ घाला. पण त्याच खिडकीत ‘फक्त पूर्ण शब्द’ असा एक चौकोन असतो, त्यावर टिक करायची राहिली होती. मग काय, जिथे म्हणून स आणि र शेजारी बसले होते तिथून दोघांना उठवून मॅडम येऊन बसली.

मला इतकं कळायचं कारण, आमच्या शाळेच्या लॅबमध्ये तेच सॉफ्टवेअर होतं. लिबर ऑफिस. फुकट मिळतं, पत्र लिहा, तक्ते करा, सगळं होतं. ग्रामपंचायतीत आधी ते नेहमीचं विकतचं होतं. त्याची मुदत संपली आणि ते टाइपच करू देईना. अवसऱ्यांनी लगेच नवीन विकत घ्यायचं कोटेशन आणलं, तालुक्यातल्या मेहुण्याच्या दुकानाचं. घरी आई त्याबद्दल बोलत होती तेव्हा मी सहज म्हटलं, “आमच्या शाळेत तर फुकटचं आहे, आणि छान चालतं.” आईनं माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन ती आमच्या कॉम्प्युटरच्या मॅडमशी तासभर बोलत बसली आणि महिन्याच्या मीटिंगमध्ये ठराव मांडला, की ग्रामपंचायतीत फुकटचं घ्यायचं आणि वाचलेल्या पैशांत अंगणवाडीला पाण्याची टाकी बसवायची.

हा आईचा पहिला ठराव. म्हणजे तसे त्याआधी पुष्कळ झाले होते, पण ते पप्पा सांगायचे आणि आई सही करायची. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं म्हणून पप्पांनी आईला उभं केलं होतं. निवडून आली आई. खुर्चीत बसले पप्पा. लोक त्यांनाच ‘सरपंच’ म्हणायचे, आईला ‘वहिनी’. आई बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीत. टाकीचा ठराव मात्र पप्पा लग्नाला गेले होते त्या दिवशी झाला.

डेअरीवरून मी तडक ग्रामपंचायतीत गेले. पप्पा खुर्चीत होते, फोन कानाला. ऑपरेटर लोंढेकाका कॉम्प्युटरसमोर कपाळाला हात लावून बसले होते.

“काका, तुम्ही टिक नाही केलीत,” मी हळूच म्हटलं.

“कसली टिक? हे तुझं लिंबू ऑफिस आहे ना, ते आणल्यापासून माझं डोकं आंबलंय!”

“लिबर.”

“तेच ते. मला वहिनींनी सांगितलं, जुन्या नमुन्यात सगळीकडे सरपंच सर, सरपंच सर असं आहे, जिथे सर आहे तिथे मॅडम करा. मी केलं. एक कळ दाबली, सगळं झालं. म्हटलं वा, काय झकास सोय आहे!”

“पण मग वाचलं नाहीत?”

“मी टाइप केलेलं मीच कशाला वाचू? वाचायचं काम भाऊसाहेबांचं.”

भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. त्यांच्याकडे दोन गावं. ते गाडीवरून न उतरताच सही करून गेले होते. आणि आईसमोर लोंढेकाकांनी कागद धरला तेव्हा बाहेर टँकर आला होता, बायका हाका मारत होत्या. कोपऱ्यात बोट ठेवून ते म्हणाले, इथे वहिनी, इथे. सहा महिने तसंच चाललं होतं. बोट ठेवलं की सही.

इतक्यात अवसरे आले. मी कपाटाच्या बाजूला सरकले.

“दिनकरराव, आज तालुक्याला गेलो तर चहावाला काय म्हणतो मला? या, उपमॅडमपंच! माझ्या आडनावाची काय दशा केली बघा. अवमॅडमे! माझ्या आज्यानं काय पाप केलं होतं?”

“चूक झाली अंकुशराव. दुसरी नोटीस लावतोय आत्ता.”

“पहिलीचा फोटो पुण्या-मुंबईपर्यंत पोचला. मी तेव्हाच म्हणत होतो, फुकटचा माल असाच असतो. ग्रामसभेत मी विषय काढणार. तो ठराव रद्द करा, माझ्या मेहुण्याकडून चांगलं विकतचं घ्या. नाहीतर गावासमोर सांगतो, बायामाणसांच्या नादानं ऑफिस चालवलं की असं होतं म्हणून.”

मला वाटलं पप्पा आता उसळणार. पप्पा म्हणाले, “बसा तर खरं. चहा घ्या. करू आपण रद्द. एवढ्यासाठी वाद कशाला?”

एवढ्यासाठी! मी कपाटाशेजारी उभी राहून दप्तराचा बंद चावत होते. म्हणायचं होतं की पप्पा, विकतच्यानंही हेच केलं असतं, त्यातही तोच चौकोन असतो! ओठापर्यंत आलं होतं. पप्पांचं लक्ष गेलं. “तू काय करतेस इथे? घरी जा.” गेले.

घरी आई मेथी निवडत होती.

“आई, पप्पा तुझा ठराव रद्द करणारेत.”

“कळलं मला.”

“कळलं? मग तू निवडत काय बसलीस?”

“मेथी.”

असा संताप आला! “अगं, त्यात सॉफ्टवेअरची चूकच नाही! शब्द बदलायच्या खिडकीत एक चौकोन असतो, त्यावर लोंढेकाकांनी टिक केली नाही. विकतच्यातही तोच चौकोन असतो. तू त्यांना सांग ना. तू सरपंच आहेस ना?”

“तेजू, जुडीचे देठ वेगळे टाक. गाईला घालू.”

मी देठ टाकले. काय करणार? थोड्या वेळानं आई म्हणाली, “ती खिडकी कशी असते? तोच चौकोन विकतच्यातही असतो, नक्की?”

“नक्की. आमच्या मॅडमना विचार हवं तर.”

“विचारते,” आई म्हणाली आणि पुन्हा मेथीत डोकं घातलं.

पप्पा आले ते हात धुतानाच सांगायला लागले. ग्रामसभेत सगळं ते बोलतील. अवसरे विषय काढतील, पप्पा हो म्हणतील, मिटलं. “तू नुसती बस. काही विचारलं तर म्हण, दिनकररावांना विचारा. समजलं?”

आई म्हणाली, “टाकीचं काय?”

“टाकी पुढच्या वर्षी.”

“पोरं तोवर घरून बाटल्या आणतील?”

“आणतायत की आत्ता. वैजू, मी तुझ्याच भल्याचं बोलतोय. आणखी शोभा नको.”

ताटं वाढली गेली. आईनं पप्पांना आमटी वाढली आणि मी इतकी वैतागले की भाकरी दुधात कुस्करायच्या ऐवजी आमटीत कुस्करली, आणि मग आमटीतली भाकरी मला आवडत नाही म्हणून अजून वैतागले.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं, लेझीम झालं, पोरांना गोळ्या वाटल्या. मग ग्रामसभा. हॉलमध्ये पुढे पुरुष, मागच्या सतरंजीवर बायका. बायका एरवी येत नाहीत. त्या दिवशी मॅडमपंच बघायला आल्या होत्या. आम्ही पोरं खिडकीच्या गजांना लटकलो. माझ्या एका बाजूला प्रणव, नशीब माझं.

व्यासपीठावर मधल्या खुर्चीत पप्पा, उजवीकडे अवसरे, डावीकडे भाऊसाहेब, आणि कडेला आई. लोंढेकाका खाली टेबलाशी, इतिवृत्त लिहायला.

अवसरे उभे राहिले. सुरुवात छान केली, हुतात्मे वगैरे. मग नोटिशीवर आले. “गावाची अब्रू गेली! हिवसरचं हिवमॅडम केलं! का? तर फुकट मिळतंय म्हणून. आपण पोरगी देताना फुकटचा नवरा बघतो का? वहिनींचा स्वभाव साधा, त्यांना कुणीतरी भरीला घातलं.” इथे त्यांनी खिडकीकडे बघितलं. मी खाली वाकले. “माझी सूचना आहे, तो ठराव रद्द करा. दिनकररावांशी माझं बोलणं झालंय. काय सरपंच?”

हे ‘सरपंच’ त्यांनी पप्पांकडे बघून म्हटलं. पप्पा उठायला लागले, शर्ट खाली ओढला, घसा खाकरला.

आणि आई उठली.

पप्पांनी मांडीजवळच हातानं ‘बस’ अशी खूण केली. ती आईला दिसली. खिडकीतून मला दिसली म्हणजे तिला दिसलीच असणार. ती बसली नाही. पप्पा अर्धवट उठलेले, तसेच राहिले क्षणभर, मग खाली टेकले.

“उपसरपंच म्हणतात ते खरं आहे. चूक झाली,” आई म्हणाली. “पण काय झाली ते सगळ्यांनी नीट ऐकलेलं नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी तर नुसतंच हसू ऐकलंय. लोंढेकाका, ती पहिली नोटीस द्या.”

“वहिनी, ती कशाला आता...” लोंढेकाकांनी पप्पांकडे बघितलं.

“द्या.”

आईनं नोटीस वाचली. सगळी. आकाशवाणीवर बातम्या देतात तशी, न हसता, न अडखळता. मॅडम्व ग्रामस्थांना. मॅडमामॅडमी वसुली. विमॅडमू नये. घमॅडमगुंडीपाशी पुढच्या रांगा फुटल्या, आणि ‘उपमॅडमपंच श्री. अंकुशराव अवमॅडमे’ आलं तेव्हा भाऊसाहेबांनी तोंडावर रुमाल धरला. मागून सोनाबाई ओरडल्या, “अगं बाई, मग आमच्या वासराला काय म्हणायचं?”

“वामॅडमू!”

हे कोण ओरडलं म्हणून सगळी सभा खिडकीकडे वळली. मी ओरडले होते. मला स्वतःलाच धक्का बसला. पहिलं बाक सोडा, माझा आवाज पार समोरच्या भिंतीवर आपटून परत आला होता. हॉल नुसता उसळत होता. प्रणव गजाला कवटाळून हसत होता. अवसऱ्यांच्या मिशाही एका बाजूनं हलल्या, मग त्यांना आठवलं की आपण चिडलोय.

“हसा,” आई म्हणाली. “मीपण हसले त्या दिवशी, स्वयंपाकघरात, एकटीच. आता ऐका. लोंढेकाकांना मी सांगितलं होतं, जिथे सर आहे तिथे मॅडम करा. त्यांनी मशीनला सांगितलं. मशीननं केलं. सांगणं माझं अर्धवट होतं.”

“म्हणून तर म्हणतो, चांगलं विकतचं...”

“भाऊ, विकतच्यानंही हेच केलं असतं. शाळेच्या मॅडमनी मला दोन्ही लावून दाखवलं. त्याचा फुकट-विकतशी संबंध नाही.” मग ती जरा थांबली. मला वाटलं झालं, आता बसणार. तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला.

“सहा महिने मी सरपंच आहे. मी भाऊसाहेबांना काही सांगितलं, की भाऊसाहेब आधी ह्यांच्याकडे बघतात. लोंढेकाकांना सांगितलं, की ते ह्यांच्याकडे बघतात. शिपायाला पंखा लाव म्हटलं तरी तो ह्यांच्याकडे बघून बटण दाबतो.”

आता कुणी हसत नव्हतं. पप्पा समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होते.

“मी सांगितलं आणि कुणी ह्यांच्याकडे न बघता केलं, असं या ऑफिसात आजवर एकदाच झालंय. ते ह्या फुकट्यानं केलं. मी चुकीचं सांगितलं, त्यानं चुकीचं केलं, पण माझं ऐकलं. ते मी काढणार नाही. मी आता नीट सांगायला शिकेन. वाचल्याशिवाय सही पण करणार नाही. ज्यांना विकतचं हवंय त्यांनी हात वर करा.”

अवसऱ्यांचा हात गेला. पुढच्या रांगेतल्या त्यांच्या दोघा माणसांचे गेले. आणि पप्पांचा हात खुर्चीच्या दांडीवरून उठला. मी गज इतका घट्ट धरला होता की गंज तळव्याला लागला. हात खांद्यापर्यंत आला, तिथे घुटमळला, आणि मग पप्पांनी त्या हातानं खिशातलं पेन सारखं केलं. चांगलंच सारखं होतं ते पेन.

“आणि ज्यांना टाकी हवीये?”

मागची सतरंजी सगळी वर. सोनाबाईंचे तर दोन्ही हात. त्यांना एक खाली घ्यायला लावला. पुढच्या पुरुषांनी एकमेकांकडे बघत बघत वर केले, बायकोनं मागून बघितलं असेल म्हणून असेल.

लोंढेकाकांनी पेन उचललं. मान सवयीनं मधल्या खुर्चीकडे वळली, अर्ध्यात थांबली आणि कडेच्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे आली.

“मॅडम, काय लिहू?”

आईनं सांगितलं. सावकाश, एकेक शब्द. मग लोंढेकाकांकडून कागद मागून घेतला आणि सगळ्या गावाला ताटकळत ठेवून वरपासून खालपर्यंत वाचला. बाहेर पोरं जिलेबीसाठी कालवा करत होती. अवसरे घड्याळ बघत होते. आईनं एक काना दुरुस्त केला आणि मग सही केली.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. मला खूप बोलायचं होतं, पण आईनं डोळ्यांनी गप्प केलं. मी तर फुटायच्या बेतात होते! पप्पांनी ताकाची वाटी संपवली, तोंड पुसलं आणि अगदी रोजच्यासारखं विचारलं, “परवा पंचायत समितीची मीटिंग आहे. आपण किती वाजता निघायचं?”

“मी नऊच्या एसटीनं जाणार आहे,” आई म्हणाली. “तेजू, भात घे.”

मी भात घेतला. मला भात नको होता. पप्पा जिलेबीचा तुकडा मोडत राहिले, तुकड्याचा तुकडा, त्याचाही तुकडा. इतका वेळ, की मला वाटलं आता भांडण होणार आणि मी कुणाच्या बाजूनं ओरडायचं ते ठरवूनही टाकलं.

“नऊची गाडी भरून येते,” पप्पा शेवटी म्हणाले. “इथल्या थांब्यावर उभी राहू नकोस. चालत फाट्यावर जा. तिथे लोक उतरतात, जागा मिळते.”

सांगितल्याशिवाय राहवतच नाही या माणसाला!

“बरं,” आई म्हणाली.

आणि मीटिंगच्या दिवशी ती गावच्या थांब्यावरूनच चढली. खिडकीची जागा मिळाली.